रोबोच्या हाताच्या केबल करून घेतल्या, कुपवाड एमआयडीसी (पाचपैकी चार स्टार)

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. दुकानवाल्या मामांनीच हात जोडून सांगितलंय, "मॅडम, नाव तेवढं टाकू नगा, हाय ती कामं उरकंनात." तर सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर असलं करून देणारी जी दोन-चार दुकानं आहेत त्यातलं हे सगळ्यात बारकं, बाहेर कायम एखादा ट्रॅक्टर नाहीतर छोटा हत्ती बॉनेट उघडून उभा, दारात वायरची भेंडोळी टांगलेली आणि आत रेडिओ. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

मी पॉलिटेक्निकला शिकवते. आमच्या लॅबमध्ये एक रोबोटिक आर्म आहे, तीन बॅचच्या पोरांनी मिळून केलेला. ह्याच्या मोटरी हातात नाहीत, सगळ्या खाली बुडाशी बसवल्यात आणि खांदा, कोपर, मनगट हलतं ते स्टीलच्या केबलनी. आयडिया आमची नाही हं, एमआयटीत १९८०च्या दशकाच्या शेवटी असा हात तयार झाला, पुढे बॅरेट वॅम नावाने तो बऱ्याच लॅबमध्ये गेला, आणि ऑपरेशनच्या दा विंची रोबोची जी बारीक अवजारं पोटात जातात त्यांचं मनगटसुद्धा केबलवरच वळतं (ती अवजारं ठरावीक वेळा वापरली की मशीन पुढे घेतच नाही, तेव्हा केबलची कटकट मोठ्यांनाही चुकलेली नाही). फायदा असा की मोटरीचं वजन हाताला उचलावं लागत नाही, गिअरच्या दातात असतो तसला प्ले, म्हणजे मोकळा झोल, नाही, आणि धरून ढकललं तर हात निमूट मागे सरकतो, पोरांच्या बोटांना धोका कमी. तोटा म्हणजे ती केबल सांभाळावी लागते, आणि ते आमच्याच्याने होत नव्हतं.

जानेवारीपासून कोपर "टक" करायला लागलं. हात एका दिशेने जाताना ठीक, उलटा फिरवला की आधी टक आणि मग हालचाल, आणि ग्रिपरच्या (वस्तू पकडणाऱ्या पंजाच्या) टोकाला चार-पाच मिलिमीटरचा झोल. पोरं प्रोग्राममध्ये डोकं घालून बसली, दोन आठवडे कोडच बदलत होती. मला संशय केबलचा होता कारण ती आम्हीच घातली होती आणि कशी घातली होती ते मला माहिती होतं. सायकलची ब्रेक वायर! दीड मिलिमीटरची, शिवाजी मंडईजवळून आणलेली, स्वस्त आणि मस्त. ती तीन आठवड्यांत पुलीवरच विसकटली. मग ऑनलाइन मागवली, लिहिलं होतं ७ गुणिले १९ स्टेनलेस, म्हणजे सात पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा, अशा एकशे तेहेतीस. ती आली, घातली, आणि तीही दोन महिन्यांत ढिली. विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर एकाचंही नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडलांचा टेम्पो आहे, ते म्हणाले कुपवाडला मामांकडे जा. आख्खा हात घेऊन गेलो, रिक्षात मांडीवर बसवून. मामांनी रोबो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल पण त्यांनी रोबो बघितलाच नाही, थेट केबलला हात घातला. म्हणजे हात घातला नाही, तीच तर गंमत. देवघरातला वातीचा कापूस असतो ना, त्याचा बोळा घेतला आणि केबलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. चार ठिकाणी कापसाचे तंतू अडकून राहिले. "हितं तुटलीय, हितं तुटलीय, हितं बी." डोळ्याला काहीही दिसत नव्हतं. बोटाने कधी तपासायचं नाही म्हणाले, तुटलेली तार मांसात शिरते आणि मोडते, मग काढायला डॉक्टर. स्वतःचा अंगठा दाखवला, नखाशेजारी काळा ठिपका अजून आहे.

मग टाचणीने टोक उसवलं आणि भिंगाखाली तारा मोजायला घेतल्या. एका पेडात सात. परत मोजल्या, सातच. "मॅडम, सात सत्ते एकोणपन्नास. तुम्हाला एकशे तेहेतीस सांगून एकोणपन्नास गळ्यात मारल्यात की ओ." जाडी तीच, पण तारा कमी म्हणजे प्रत्येक तार जाड, आणि जाड तार बारक्या पुलीवरून परत परत वाकली की लवकर मरते. सायकलच्या ब्रेक वायरचं तर विचारूच नका, तिच्यात नुसत्या एकोणीस जाड तारा एकत्र पिळलेल्या असतात, "ती सरळ वढायची वायर, पुलीवर नाचवायची न्हवं." मी इंजिनिअर बाई, पण टाचणी घेऊन मोजायचं मला सुचलं नव्हतं हे मान्य करते.

पुढचा दणका पुलीचा. कोपराच्या वाटेवरच्या पुल्या आमच्या वीस मिलिमीटरच्या आणि केबल दीडची, म्हणजे पुली केबलच्या फक्त तेरापट. मामा म्हणाले निदान वीस-पंचवीसपट पाहिजे, जेवढी जास्त तेवढं आयुष्य जास्त. पुस्तकातही ह्याच आसपास लिहिलेलं असतं, मी वर्गात शिकवलेलंही आहे आणि डिझाइन तपासताना बघितलं नव्हतं 🤦 पुल्या बदलायच्या तर प्लेटाच नव्याने कापाव्या लागल्या असत्या, म्हणून कोपर आणि मनगटाला एक मिलिमीटरची खरी एकशे तेहेतीस तारांची घालायची ठरलं, खांद्याच्या पुल्या साठच्या आहेत तिथे दीडच ठेवली. ह्यात एक गोम आहे ती मामांनी सांगितली नाही, मी सांगते: एकची केबल दीडच्या मानाने सव्वादोनपट जास्त ताणली जाते कारण धातू तेवढा कमी, त्यामुळे हात थोडा लवचिक झाला. वजनदार वस्तू उचलली की टोक किंचित खाली जातं. आम्हाला चालतंय, तुम्हाला कदाचित नाही चालणार.

आता मुख्य काम, ज्यासाठी मी चार स्टार दिलेत. केबल कापायच्या आधी कापायच्या जागेवर घट्ट टेप, टेपच्या मधोमध कटर, एका फटक्यात, टोकाला फेविक्विकचा थेंब. त्यामुळे टोक फुलत नाही. आमची पोरं पक्कडीने चावून चावून कापत होती आणि झाडूसारखं टोक त्या बारक्या नळीत घालायला अर्धा तास झटत होती. ती नळी, म्हणजे फेरूल, मामा तांब्याचीच वापरतात. आम्ही ॲल्युमिनियमची वापरली होती, स्टेनलेसवर ॲल्युमिनियम दमट हवेत खाल्लं जातं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कृष्णेच्या काठावर हवा कशी असते ते सांगायला नको. दाबायला त्यांचं जुनं हातप्रेस आहे, शिलाई मशीनच्या टेबलावर बसवलेलं, खाली पायटा तसाच ठेवलाय, त्याचा काही उपयोग नाही पण मामा काम करताना पाय त्याच्यावरच ठेवतात. दाबून झालं की केबल जिथे फेरूलमधून बाहेर येते तिथे लाल नेलपेंटची रेघ. पुढे कधी ती रेघ फेरूलपासून लांब गेलेली दिसली की समजायचं केबल आतून सरकतेय. बाजारात त्यासाठी वेगळा पेंट मिळतो, नेलपेंट दहा रुपयांत.

आणि मग लोंबकळवणे. प्रत्येक केबल छताच्या अँगलला अडकवून खाली जिमची वजनं, एकच्या केबलला पंचवीस किलो, रात्रभर. एवढी केबल साधारण पन्नास किलोच्या आसपास तुटते, म्हणजे निम्म्या वजनावर ठेवली. नव्या केबलीतले पेड एकमेकांत बसलेले नसतात, ते बसताना केबल लांब होते, आणि ते बसणं हातात घातल्यावर झालं तर दर दोन दिवसांनी ताण उतरतो. आमच्या ऑनलाइन मागवलेल्या केबलचं तेच झालं होतं, पेड अजून बसतच होते आणि आम्ही मात्र ढिली झाली, ढिली झाली करत स्क्रू आवळत होतो. सकाळी मामांनी पट्टी लावून दाखवलं, आधी केलेली खूण बरीच खाली आलेली. "आता हिचं अंग बसलं, आता हिला घाला."

ताण लावायचा भाग मात्र नीट वाचा, पैसे तिथे वसूल झालेत.

मामा मूळचे मिरजेचे. सतारमेकर गल्लीत त्यांच्या मामांचं घर, लहानपण तंबोऱ्याच्या भोपळ्यांत गेलेलं. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा ह्यांनी दुकानात पेढे वाटले होते म्हणे, ह्यांचा त्या धंद्याशी आता काही संबंध नसताना.) तर केबल हातात घालून ॲडजस्टर फिरवताना, ॲडजस्टर म्हणजे स्कूटरच्या क्लचला असतो तसलाच, मामा केबलला नखाने टिचकी मारतात आणि ऐकतात. मी आधी हसले. मग घरी येऊन हिशोब केला आणि हसणं बंद झालं.

ताणलेल्या तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, मोकळी लांबी, मीटरला वजन आणि ताण. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर दहा मीटर केबल ठेवली, चाळीस ग्रॅम भरली, म्हणजे मीटरला चार ग्रॅम. कोपराच्या केबलचा दोन पुल्यांमधला मोकळा तुकडा १८ सेंटीमीटर. मला पाहिजे ताण १० किलो. गणित केलं तर सूर येतो जवळपास ४४० हर्ट्झ, म्हणजे चक्क पेटीवरची (हार्मोनियमची) पांढरी सहा. मोबाईलवर ट्यूनर टाकलं, टिचकी मारली, मामांनी निव्वळ कानाने लावलेली केबल ४३६ दाखवत होती. स्प्रिंगचा काटा लावायला जागा नाही अशा ठिकाणी ही पद्धत इतकी सोयीची आहे की आता आमच्या प्रॅक्टिकलमध्येच घेतलीय. फक्त लक्षात ठेवा, ताण सुराच्या वर्गाने जातो. सूर पांढरी सहावरून अर्ध्या सुराने उतरून काळी चारवर आला की ताण अकराएक टक्के गेला, पांढरी पाचवर आला की वीस टक्के, आणि एक सप्तक खाली गेला तर चौथाई उरला. मोकळा तुकडा फार आखूड घेऊ नका, केबलचा स्वतःचा ताठपणा सूर वर नेतो आणि आपण फसतो.

दहा किलोच का, तर कोपरावर काम करताना जास्तीत जास्त पंधरा किलोची ओढ येते. हात फिरताना केबलची एक बाजू ओढते, तिथे ताण वाढतो तेवढा परतीच्या बाजूला कमी होतो, आधीचा ताण ओढीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर परतीची बाजू पूर्ण सैल पडते आणि उलट फिरताना आधी ती सैल गोळा होते. आमचा "टक" तो हाच. साडेसात किमान, म्हणून दहा.

अजून एक गोष्ट मी मामांच्या हाताकडे बघून शिकले. ॲडजस्टर पाव फेरा फिरवला की ते कोपर हाताने पूर्ण इकडून तिकडे फिरवायचे, चार-पाच वेळा, मग टिचकी, मग परत पाव फेरा. मी म्हटलं मामा एकदाच आवळा की. म्हणाले, "म्हशीचा दोर खुंट्याला तीन वेढे दिला तर म्हशीची वढ ह्या टोकाला येती का?" नाही येत. मोटरीच्या शाफ्टवर केबलचे तीन वेढे आहेत, घर्षण थोडं म्हणजे गुणांक ०.१५ जरी धरला तरी दोन टोकांच्या ताणात सतरापट फरक राहू शकतो, म्हणजे इकडे आवळलेला ताण तिकडे पोचतच नाही. सांधा फिरवत राहिलं की तो हळूहळू वेढ्यांमधून पलीकडे जातो. आम्ही एका बाजूला आवळून, तिथलाच सूर बघून, खूश होत होतो.

आता एक स्टार कशाला कापला ते.

तीन दिवस सांगून नऊ दिवस लावले. मध्ये उसाच्या गाडीवाल्यांची गर्दी होती मान्य, पण फोन तरी उचला. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, कॉलेजच्या अकाउंटला ते पान चालवून घ्यायला मला जे बोलणं खावं लागलं ते वेगळंच. ऑनलाइन पैसे घेत नाहीत.

दुसरं, सगळ्या केबलींना क्लच वायरचं घट्ट ग्रीस फासलं. क्लच वायर नळीच्या आत असते, तिथे ठीक, आमची उघडी आहे, एका आठवड्यात खडूची धूळ आणि पंख्याचा कचरा चिकटून काळी पेस्ट झाली आणि ती पुलीच्या खाचेत बसली. सगळं पुसून, पातळ मशीन ऑइल फडक्याला लावून नुसता हात फिरवला, तेवढं पुरतं.

तिसरं जास्त महत्त्वाचं. मनगटाची केबल त्यांनी सवयीने चढवून दिली. मला पाच किलो ताण हवा होता, तिथला मोकळा तुकडा १५ सेंटीमीटर, म्हणजे काळी तीन यायला पाहिजे. त्यांनी लावली होती काळी पाच. ऐकायला दोन सूर, पण ताण दीडपटीच्या वर. मोटर रिकामी फिरतानाच ०.४ अँपिअरच्या जागी ०.७ खात होती आणि बेअरिंग हूं करत होतं. "घट्ट बरं असतं मॅडम, उतरणारच हाय ती." ट्रॅक्टरच्या क्लचला बरं असेल, इथे घर्षण वाढतं, मोटर तापते, केबलही लवकर मरते. मी घरी आणून उतरवली. म्हणून माझं मत असं की केबल, टोकं, लोंबकळवणं हे डोळे मिटून त्यांच्याकडून करून घ्या, पण शेवटचा ताण आपल्या टेबलावर आपण लावा, मोटरीचा करंट बघत.

आणि एक चूक माझी, त्यांच्या नावावर घालत नाही. केबल बदलली की मोटरीचं शून्य आणि सांध्याचं शून्य जुळत नाही, कारण एन्कोडर, म्हणजे किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, मोटरीवर आहे आणि मधली केबल नवी. मला माहिती होतं. पोरांनी उत्साहात पॉवर दिली, मी चहा घेत होते, हाताने सरळ टेबलावर बुक्की मारली. ग्रिपरचं एक बोट वाकलं, बाकी वाचलं. आता प्रत्येक सांध्याला भोक पाडून पिन ठेवलीय, केबल बदलली की आधी पिना घालायच्या, मग शून्य द्यायचं, मग पिना काढायच्या. पिना काढायला विसरूनही एकदा बघितलंय 🙈

खर्च सांगते. सहा केबल, बारा टोकं, दोन ॲडजस्टर नवे, मजुरीसकट २४०० रुपये. पुण्यातून एकाने नुसत्या केबल करून द्यायचे चौदा हजार सांगितले होते, जाऊन-येऊन भाडं वेगळं.

पाच महिने झालेत. टक गेलाय. आर्मच्या बुडाला पोरांनी स्टिकर लावलाय, खांदा काळी दोन, कोपर पांढरी सहा, मनगट काळी तीन, आणि दर सोमवारी टिचकी मारून वहीत लिहायचं. पहिल्या महिन्यात कोपर एकदा काळी चारवर आलं होतं, पाव फेऱ्यात परत आलं, त्यानंतर हललेलं नाही. कापसाचा बोळा महिन्यातून एकदा, अजून तरी कुठे अडकला नाही.

जाणार असाल तर लांबी कागदावर लिहून न्या, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत, जुनी केबल नमुन्याला दाखवू नका कारण ती ताणलेली असते. ताण किती हवा ते किलोत सांगू नका, सूर सांगा, लगेच कळतं त्यांना. सकाळी अकराच्या आत गेलात तर भेटतील. अमावास्येला बंद.